केतकीचा गुन्हा, सुरणाचा वास

आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. भजी, थालीपीठ, पीठ पेरून केलेली कांद्याची भाजी अशी कांद्याची पोटभर पाठवणी करायची आणि दोन दिवसांनी आलेल्या आषाढी एकादशीपासून चार महिने त्याला स्वयंपाकघराचा उंबरा बंद, असा चातुर्मास पाळणाऱ्या घरांचा रिवाज. संगमनेर परिसरात या रिवाजाला एक गमतीची किनार आहे. ज्या शिवारातल्या कांदाचाळी भरलेल्या असतात, ज्याच्या भावावर घराचं वर्षाचं गणित ठरतं, तोच कांदा त्याच घरच्या देवापुढे परका होतो. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: तामस आहे, उग्र आहे, वास येतो. याच एकादशीला ताटात सुरण मात्र चालतो. आता सुरणाचं फूल ज्यांनी उमललेलं पाहिलं असेल, त्यांना या न्यायाचं नवल वाटायला हवं. पावसाच्या तोंडावर, पान फुटण्याच्याही आधी, उघड्या जमिनीतून एक जांभळट तपकिरी, सुरकुतलेला, टोकाला मेंदूसारखा गोळा असलेला फुलोरा वर येतो आणि घरामागे उंदीर मेला की काय असं वाटायला लावणारा वास सोडतो. ज्याच्या फुलाजवळ क्षणभर उभं राहवत नाही, त्याचा कंद उपवासाला चालतो. ज्याच्या गोंडेदार पांढऱ्या फुलाबद्दल कोणाची काही तक्रार नाही, तो कांदा निषिद्ध. वासावरून पवित्र-अपवित्र ठरवण्याचा आपला हिशोब पहिल्याच ओळीत चुकतो. तो का चुकतो, आणि मुळात फुलाच्या वासाला धर्माच्या दरबारात उभं करायचा अधिकार कोणाला, हा इथला प्रश्न आहे.

आधी फूल काय करतं ते पाहू. सुरणाच्या वासात गंधकाची दोन साधी संयुगं ठळक असतात, डायमिथाइल डायसल्फाइड आणि डायमिथाइल ट्रायसल्फाइड. कुजणाऱ्या मांसातून हीच संयुगं सुटतात. कांदा-लसणाच्या वासातही गंधकाचीच भावंडं असतात. फुलोरा नुसता वास सोडून थांबत नाही. तो स्वतःला भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी गरम करतो, त्यामुळे वास वर उठतो आणि दूर जातो. पहिल्या दिवशी तळाची स्त्रीफुलं परागासाठी तयार असतात, वरची पुंफुलं पराग सोडतात ती नंतर. मेलेल्या जनावराच्या शोधात निघालेले भुंगेरे आणि माश्या आत उतरतात, फिरतात, अंगावर पराग घेऊन बाहेर पडतात आणि पुढच्या ‘मढ्या’कडे जातात. सुरणाचाच भाऊबंद असलेलं शेवळं सह्याद्रीच्या घाटात आणि कोकणात पहिल्या पावसाच्या आसपास उगवतं. त्याचा कोवळा, न उमललेला फुलोरा खुडून, आतला खाजरा पिवळा भाग काढून, काकडं घालून भाजी करतात. वास सुटण्याआधी ती भाजी असते, वास सुटल्यावर माश्यांचं देऊळ. संगमनेरच्या पश्चिमेला अकोले तालुक्याकडे जाणाऱ्या डोंगरांच्या कोरड्या उतारांवर माकडशिंग नावाची बिनपानाची मांसल वनस्पती असते. तिचे कोवळे दांडे लोक भाजीसारखे, कच्चेही खातात. तिची बारीक जांभळट फुलं माश्यांसाठीच घडलेली. दक्षिण आफ्रिकेतून आलेला तिचा नातलग स्टॅपेलिया आज निवडुंगप्रेमींच्या गच्चीवर कुंडीत दिसतो: तारेसारखं, केसाळ, पिवळट-तांबूस, अतिशय देखणं फूल, आणि वास असा की कुंडी घरापासून दूर ठेवावी लागते. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर शोभेसाठी लावलेल्या जंगली बदामाच्या नावातच लिनियसने त्याची तक्रार कोरून ठेवली आहे. लॅटिन नावाचा पहिला शब्द शेणखताच्या रोमन देवावरून आणि दुसऱ्याचा अर्थ घाणेरड्या वासाचं.

वास हाच इथे सगळं काम करतो, याचा फार सुंदर पुरावा दक्षिण आफ्रिकेतल्या युकोमिस या कंदवर्गीय फुलांवर झालेल्या प्रयोगांतून मिळाला. या फुलांच्या काही जाती गांधीलमाश्यांवर अवलंबून असतात, काही मढ्यावरच्या माश्यांवर. दिसायला त्या इतक्या सारख्या की वेगळेपणा मुख्यतः वासातच. अॅडम शटलवर्थ आणि स्टीव्हन जॉन्सन यांनी गांधीलमाश्यांच्या जातीच्या फुलांना ही दोन गंधकसंयुगं जोडली आणि मढ्यावरच्या माश्या त्या फुलांकडे येऊ लागल्या. 2010 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे आपण ज्याला फुलाचं ‘घाण असणं’ म्हणतो, ते प्रत्यक्षात पाकिटावरच्या पत्त्यासारखं आहे. पत्ता बदलला की टपाल दुसऱ्या घरी जातं. आपण वाटेत उभे राहून दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडतो आणि मजकूर आवडला नाही म्हणून नाक मुरडतो.

इथे धर्मशास्त्राच्या बाजूने पहिला गंभीर आक्षेप येतो. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंत आपण कशात काय आहोत हे सांगताना, पृथ्वीतला पुण्य गंध मी आहे असं सांगतात. गंध एवढंच म्हणून थांबत नाहीत, पुण्य हे विशेषण लावतात. मग अपुण्य गंध कोणाचा? सतराव्या अध्यायात तर तामस माणसाला प्रिय असलेल्या अन्नाच्या वर्णनात दुर्गंधीचा स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय न्याय-वैशेषिकांची भूमिका अशी की गंध हा पृथ्वीचा खास गुण, तो फक्त पृथ्वीतच राहतो, आणि त्याचे प्रकार दोन: सुरभी आणि असुरभी. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहातून न्याय शिकणारा विद्यार्थी आजही पहिल्या काही पानांतच हे पाठ करतो. या मांडणीत दुर्गंध हा नाकाचा लहरीपणा ठरत नाही, तो वस्तूत बसलेला खरा गुण ठरतो. आक्षेपाचा अर्थ असा की सुरणाचं फूल खरोखरच असुरभी आहे आणि पूजेतून ते वगळणं म्हणजे सत्याला धरून वागणं आहे.

या आक्षेपाला उत्तर शंकराचार्यांच्या गीताभाष्यातच आहे, आणि ते आपल्या कीर्तन-प्रवचनांत जितकं यायला हवं तितकं येत नाही. आचार्य म्हणतात त्याचा आशय असा: पृथ्वीतल्या गंधाचं पुण्यपण स्वाभाविक आहे, अपुण्यपण जे येतं ते संसारी जीवांच्या अविद्या-अधर्मादींच्या अपेक्षेने, विशिष्ट भूतांच्या संसर्गामुळे. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या नाहीत. चांगुलपणा मूळचा, वाईटपणा संबंधातून आलेला. मला हे भाष्य केवळ भक्तिभावाने केलेली सारवासारव वाटत नाही, कारण रसायनशास्त्राचा एक साधा दाखला त्याच्या बाजूने उभा राहतो. मोगऱ्याच्या आणि जाईच्या सुगंधात इंडोल नावाचं संयुग असतं. हेच इंडोल विष्ठेतही असतं. थोडं असलं, सोबतीला इतर गोड गंध असले, की देवाच्या गळ्यातला हार. भरपूर असलं, सोबत वेगळी असली, की नाकाला पदर. कोणी म्हणेल, प्रमाण हीसुद्धा वस्तूतलीच गोष्ट आहे, मोजता येते. मान्य. गंध वस्तूतला आहे, खरा आहे, नैयायिकांशी माझं त्याबाबत भांडण नाही. भांडण ‘दुर्’ या उपसर्गापुरतं आहे. तो उपसर्ग वस्तूत कुठेच सापडत नाही. तो लावणारं नाक हवं. सतराव्या अध्यायातली दुर्गंधी अन्नाची आहे, म्हणजे खाणाऱ्याच्या संदर्भातली, आणि शिळं-कुजकं अन्न माणसाने खाऊ नये हे कोणीच नाकारत नाही. त्यावरून माशीच्या अन्नाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

नाकाची साक्ष किती ठिसूळ असते हे पाहायला माशीपर्यंतही जावं लागत नाही. अँड्रोस्टेनोन नावाचा एक गंधपदार्थ काही माणसांना घामासारखा किंवा मूत्रासारखा वाटतो, काहींना गोडसर, आणि काहींना येतच नाही. 2007 साली संशोधकांनी दाखवून दिलं की या फरकाचा मोठा वाटा नाकातल्या एका ग्राहकाच्या जनुकावर अवलंबून आहे. एकाच खोलीत, एकाच क्षणी, एकाच कुपीपुढे बसलेल्या तिघांचे तीन निवाडे, आणि तिघेही प्रामाणिक. काळाच्या ओघात तर अख्ख्या समाजाचं नाक फिरतं. सातविणीच्या, म्हणजे सप्तपर्णाच्या, शरदातल्या फुलांचा वास कालिदासाला हत्तीच्या मदासारखा वाटला; रघुवंशात रघूचे हत्ती त्या वासाने चेकाळून, जणू मत्सराने, मद गाळू लागतात. ती स्तुती होती. आज शहरातल्या रस्त्यांवर हौसेने लावलेल्या त्याच सातविणीखाली लोक डोकं दुखतं म्हणून नाक धरून जातात. झाड तेच आहे. रघूचे हत्ती गेले आणि आपल्या नाकाला मद म्हणजे काय ते आठवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जमिनीवरचा आहे आणि म्हणून मला अधिक वजनदार वाटतो. किळस ही काही नुसती सवय नाही, असं तो सांगतो. कुजलेल्या मांसापासून, विष्ठेपासून दूर राहणारे आपले पूर्वज जगले आणि न राहणारे हगवणीने गेले. तेव्हा दुर्गंधाचा तिटकारा हे शरीरात साठलेलं आरोग्याचं ज्ञान आहे, त्याला अविद्या म्हणणं म्हणजे शहाणपणाचाच अपमान. यातलं बरंचसं खरं आहे. तिटकाऱ्याचं मूळ रोगापासून बचावात आहे, असं या विषयाचे अनेक अभ्यासक मानतात. पण तेच अभ्यासक, विशेषतः पॉल रोझिन, हेही दाखवतात की अगदी लहान मुलाला शीची किळस नसते; ती घरातल्या मोठ्यांचे चेहरे बघून बघून येते. म्हणजे जमीन जन्मजात, पीक शिकवलेलं. आणि जे शिकवलं जातं त्यात आरोग्याच्या बियाण्यासोबत बरंच तण येतं. स्वच्छता आणि सोवळं या दोन गोष्टी मराठी घरात इतक्या जवळ नांदल्या की त्यांच्यातला फरक पुसला गेला. स्वच्छता विचारते: याने कोणी आजारी पडेल का? सोवळं विचारतं: याने कोणाला हात लावला? पहिल्या प्रश्नाला कसोटी लागते, तो चुकीचा निघू शकतो, सुधारू शकतो. दुसऱ्याला कसोटी नाही. स्टॅपेलियाच्या फुलातून कसलाही रोग पसरत नाही; तरी ते देवापुढे ठेवायला हात धजत नाही, तेव्हा बोलत असतं ते सोवळं, आरोग्य नव्हे.

पूजाविधीत हा तिटकारा नियम होऊन बसला आहे. विष्णुस्मृतीत देवाला उग्र वासाचं फूल देऊ नये, बिनवासाचं देऊ नये, काटेरी झाडाचं देऊ नये, तांबडं देऊ नये असे निषेध आहेत. पण मौज पाहा, ते सांगता सांगताच सवलती सुरू होतात: काटेरी असलं तरी पांढरं आणि सुवासिक असेल तर चालेल, तांबडं असलं तरी केशर किंवा कमळ असेल तर चालेल. जो नियम आवडीपुढे इतक्या चटकन वाकतो, तो सृष्टीच्या घडणीतून आलेला नसून यजमानाच्या अभिरुचीतून आला आहे, असं म्हटलं तर स्मृतिकारही फारसे रागावणार नाहीत. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या देवांची स्वतःची आवड वेगळीच दिसते. शंकराला विषारी धोत्रा चालतो. मारुतीच्या गळ्यात चिकाच्या रुईच्या पानांची माळ असते. नाट्यशास्त्राने बीभत्स रसाला, ज्याचा स्थायीभावच जुगुप्सा, देवता दिली ती महाकाल. किळसेलाही एक अधिष्ठाता देव असावा असं भरताला वाटलं, ही गोष्ट आपल्या सौंदर्यविचारात जितकी मिरवायला हवी तितकी मिरवली गेलेली नाही.

या सगळ्यात माझ्या मते सर्वात बोलकी कथा केतकीची. ब्रह्मा आणि विष्णू यांच्यात श्रेष्ठ कोण असा वाद लागला, मध्ये आदि-अंत नसलेला ज्योतीचा स्तंभ उभा राहिला. विष्णूने तळ सापडला नाही असं मान्य केलं, ब्रह्म्याने शेंडा पाहिल्याची थाप मारली आणि साक्षीला केतकी उभी केली. केतकीने खोटी साक्ष दिली. शिवपुराण सांगतं की तेव्हापासून ती शिवपूजेतून बाद झाली. केतकी म्हणजे केवडा; त्याहून घमघमीत फूल शोधून सापडायचं नाही, आणि तेच शंकराने नाकारलं. का, तर ते खोटं बोललं. म्हणजे आपल्या परंपरेच्या सर्वात जाणत्या कथेत फुलाची परीक्षा नाकाने होत नाही, सत्याने होते.

पण ही कथा हाताशी धरली की ती उलटून अंगावर येते, आणि तिथे खरा पेच सुरू होतो. वासाचा आरोप सुटला तरी खोटेपणाचा आरोप राहतो. मढ्याचा वास सोडणारं फूल माशीला मढं देत नाही. शिवनेरी-जुन्नर भागातल्या कड्यांवर एक दुर्मीळ वनस्पती आहे. डालझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव दिलं. मराठीत ती शिंदळ माकुडी. शिंदळ म्हणजे व्यभिचारी. फुलाच्या चारित्र्यावर इतका थेट शेरा दुसऱ्या कुठल्या नावात क्वचितच असेल. हरिश्चंद्रगडावर सापडणाऱ्या कंदीलपुष्पांची तर यंत्रणाच सापळ्याची. नळीसारखं फूल, आत खाली वळलेले केस. बारीक माशी आत शिरते, केस तिला वर येऊ देत नाहीत, काही काळ ती कोंडली जाते, आणि केस कोमेजले की अंगावर परागाची पुडी घेऊन सुटते. माणसाच्या नाकाला या फुलांचा वास बहुधा जाणवतही नाही, म्हणजे दुर्गंध नसूनही फसवणूक चालू. याच कुळातल्या एका आफ्रिकी कंदीलपुष्पाने तर कमाल केली आहे: कोळ्याच्या तावडीत सापडून घायाळ झालेल्या मधमाशीचा वास ते सोडतं, आणि अशा मधमाशीच्या अंगातला रस चोरून पिणाऱ्या माश्या धावत येतात. हे 2016 साली उघड झालं. दुसऱ्याच्या मरणावर टपलेल्यांना फसवणारं फूल! ही खोटी साक्ष नाही तर काय? केतकीच्या न्यायाने ही सगळी फुलं बाद व्हायला हवीत.

माझं उत्तर असं की खोटेपणाला बोलणारा लागतो. केतकी कथेत बोलते, तिला खरं ठाऊक असतं, आणि खरं सांगण्याची मुभाही असते. सुरणाच्या फुलाला यातलं काही नाही. माशीचं जे होतं त्याला आपल्या दर्शनांत अचूक नाव आहे: भ्रम. शिंपल्यावर रुपं दिसावं तसं. नैयायिक याला अन्यथाख्याती म्हणतात. दुसरीकडे पाहिलेलं रुपं इथे भासतं. माशीला दुसरीकडचं मढं इथे भासतं, इतकंच. शिंपल्याला कोणी लबाड म्हणत नाही. यावर खोचक प्रतिप्रश्न येईल की शिंपल्याला त्या भ्रमातून काही मिळत नाही, फुलाला मात्र वंश मिळतो. ज्याचा फायदा त्याच्यावरच संशय नको का? इथे उत्क्रांतीचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. फुलाने मढ्याचं रूप ठरवून घेतलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या फुलाला किंचित अधिक कुजका वास, किंचित अधिक मांसाचा रंग होता, त्याच्याकडे माश्या किंचित अधिक गेल्या, त्याची बीजं अधिक रुजली. निवड केली ती माश्यांनी. हे फूल माशीच्याच हव्यासाने रंगवलेलं चित्र आहे. आपल्या जुन्या ग्रंथांनी हे वेगळ्या भाषेत जवळजवळ ओळखलं होतं. हरीण नादाने, हत्ती स्पर्शाने, पतंग रूपाने, मासा रसाने आणि भुंगा गंधाने बळी पडतो, अशी पाचांची यादी परंपरेत आहे. भागवतातल्या अवधूताच्या चोवीस गुरूंमध्येही हे जीव आहेत. त्या यादीत भुंग्याला ओढणाऱ्या कमळाला कोणी दोष दिलेला नाही. (माशीला मात्र गुरूचं आसन मिळालं नाही, मधमाशीला मिळालं. आवडनिवड तिथेही सुटली नाही.)

हा युक्तिवाद माणसांना लावला तर तो ठगाचा वकील होतो, याची मला जाणीव आहे. ‘तुझ्या लोभानेच तू फसलास’ असं म्हणून कोणाची सुटका होता कामा नये. फरक इतकाच, पण तो निर्णायक आहे, की ठगाला वेगळं वागता येत होतं. सुरणाला येत नाही. म्हणून पाप हा शब्द फुलापर्यंत पोचत नाही.

मग तो फुलाच्या कर्त्यापर्यंत पोचतो का? हा प्रश्न टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. स्टॅपेलियाच्या फुलावर माशी कधीकधी अंडी घालून जाते. अळ्या बाहेर येतात आणि मांस नसलेल्या त्या मांसावर उपाशी मरतात. जिवंत सुरवंटांच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्यांकडे बोट दाखवून डार्विनने 1860 साली आसा ग्रे यांना पत्रात कळवलं होतं की दयाळू ईश्वराने हे मुद्दाम घडवलं असेल यावर आपला विश्वास बसत नाही. आपल्याकडे ब्रह्मसूत्रांनी ईश्वरावरचा पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा आरोप आधीच नोंदवला आहे, आणि उत्तर दिलं आहे ते कर्माचं: ईश्वर जीवांच्या कर्मानुसार फळ देतो. अळीच्या बाबतीत हे उत्तर मला पटत नाही. दिसत असलेल्या भुकेला न दिसणाऱ्या अपराधाची पावती जोडल्याने भूक न्याय्य होत नाही, फक्त बघणाऱ्याची झोप सुधारते. लीलेचं उत्तर त्याहून अवघड, कारण खेळ ज्याचा आणि उपास ज्याचा ते वेगवेगळे. त्यापेक्षा, संगमनेरवरून वाहत जाणारी प्रवरा पुढे ज्या नेवाशाला पोचते तिथे 1290 साली ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांचा चिद्विलास अधिक सरळ आहे. बाहेर बसून फुलं घडवणारा कोणी माळी त्यात नाही. फूलही तेच चैतन्य, माशीही तेच, अळीही तेच. यानेही अळीचं पोट भरत नाही. पण आरोपी शोधायचा थांबला की निदान एक गोष्ट स्पष्ट होते: सृष्टीत भूक आहे, भ्रम आहे, मरण आहे, आणि या सगळ्यात ‘विटाळ’ नावाची गोष्ट कुठेही नाही. ती आपण आणली.

आणि ती फुलांपुरती ठेवली नाही, म्हणून हा विषय वनस्पतिशास्त्राच्या तासात सोडून देता येत नाही. मेलेलं जनावर ओढणं, कातडं सोलणं, मैला वाहणं ही कामं समाजाने ज्यांच्यावर लादली, त्यांच्यावरच त्या कामाचा वास चिकटवला आणि तो वास जन्माचा ठरवला. मढ्याच्या वासाच्या फुलाला अपवित्र म्हणणारं नाक आणि मढं उचलणाऱ्या माणसाला अपवित्र म्हणणारं नाक एकच आहे. पहिल्यावेळी ते चुकलं तर फूल देवघराबाहेर राहतं, दुसऱ्यावेळी माणूस गावकुसाबाहेर. इथे कोणी विचारेल की 1927 साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं सांगितलं, मग किळस बरोबरच नव्हती का? हा आक्षेप दोन गोष्टी एकत्र करतो. आंबेडकर लादलेल्या कामाचं आणि लादलेल्या अन्नाचं जोखड फेकायला सांगत होते. ज्या समाजाने ते जोखड ठेवलं त्याच्या नाकाला ते प्रमाणपत्र देत नव्हते. गाडगेबाबांनी याच गोष्टीचं उत्तर हातातल्या खराट्याने दिलं. दिवसा गावची घाण झाडायची आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचं. घाण त्यांना घाणच वाटत होती, म्हणून तर ते झाडत होते. झाडणारा मात्र घाण होत नाही, एवढं ते गावाच्या डोळ्यांदेखत दाखवत होते. स्वच्छता आणि सोवळं यांच्यातला फरक इतक्या स्वस्तात आणि इतक्या नेमकेपणाने महाराष्ट्रात दुसऱ्या कोणी शिकवलेला नाही. आपण खराटा पुतळ्याच्या हातात दिला आणि धडा विसरलो. हाताने मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालणारा कायदा 1993 मध्ये झाला, तो अपुरा पडला म्हणून 2013 मध्ये पुन्हा करावा लागला, आणि गटारात उतरलेली माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या त्यानंतरही येतच राहिल्या.

एक शेवटची हरकत भाविकांच्या बाजूने उरते आणि ती मला मनापासून आदरणीय वाटते. ती अशी की पूजा ही प्रेमाची भाषा आहे. आपल्याला जे आवडतं ते देवाला द्यावं, आणि आपल्याला मोगरा आवडतो, यात वाईट काय? काहीच नाही. मोगरा जरूर वाहावा. फक्त तो आपल्या आवडीने वाहतो आहोत असं म्हणावं, देवाला दुसरं चालत नाही असं म्हणू नये. कांदा-मुळ्याच्या वाफ्यात विठ्ठल पाहणारे अरणचे सावता माळी या भेदाच्या पलीकडे कधीच गेले होते. आणि नैवेद्याच्या ताटाकडे जरा नीट पाहिलं तर देवानेही निवड केलेली दिसते. आंब्याच्या मोहोराचं परागण मोठ्या प्रमाणात माश्या करतात, त्यांत मढ्यावर बसणाऱ्या निळ्या-हिरव्या माश्याही असतात; काही देशांतले बागायतदार त्यांना बोलावण्यासाठी मोहोराच्या दिवसांत बागेत सडकं मांस किंवा मासळी टांगतात. कांद्याच्या बियाण्यासाठीही या माश्या वापरल्या जातात. अक्षय्य तृतीयेच्या आमरसात माशीचा वाटा आहे, आणि तो रस कोणी सोवळ्यात नाकारलेला नाही.

तुळशीचं लग्न लागलं की कांदा पुन्हा फोडणीत पडतो. चार महिन्यांत त्याचा वास कुठेही बदललेला नसतो.